सहा व्होल्टांचे बारा : जुन्या ट्रॅक्टरची विद्युत्-योजना आणि ‘करंट’ हा शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या ट्रॅक्टरची सहा व्होल्टांची विद्युत्-योजना काढून तिच्या जागी बारा व्होल्टांची योजना बसविणे, हे काम वरवर पाहता भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. ते कारागिराचे काम आहे. तथापि हे काम चालू असता कारागीर आणि यंत्राचा मालक यांच्यामध्ये जे बोलणे होते त्याकडे लक्ष दिल्यास असे दिसून येते की, त्या बोलण्याचा बहुतेक भार एकाच शब्दावर पडलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘करंट’ होय. ‘बारा व्होल्ट केल्यावर करंट वाढतो का?’ हा मालकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर ‘होय, दुप्पट होतो’ असे देता येते. ‘नाही, उलट निम्मा होतो’ असेही देता येते. आणि ‘जवळजवळ होता तेवढाच राहतो’ असेही देता येते. ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु कोणते उत्तर कोठे लागू पडते हे स्पष्ट झाले नाही, तर दिवे जळतात, वेटोळी तापून निकामी होतात आणि मालकाचे पैसे वाया जातात.

एका शब्दाने तीन वस्तूंचा निर्देश होत असेल, तर एरवी त्यात फारसे बिघडत नाही. प्रसंगावरून अर्थ कळतो. दाब बदलण्याचे काम मात्र असे आहे की, तेथे हे अर्थ एकमेकांपासून वेगळे केल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. म्हणून या कामाची तांत्रिक बाजू आणि त्याची भाषा यांचा एकत्र विचार करणे इष्ट ठरते.

२. सहा व्होल्टांची यंत्रे

शिसे व आम्ल यांच्या संचायक घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट असतो. असे तीन घट ओळीने जोडले म्हणजे सहा व्होल्टांची बॅटरी होते, आणि सहा जोडले म्हणजे बारा व्होल्टांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तयार होणाऱ्या बहुसंख्य मोटारींमध्ये व अनेक ट्रॅक्टरांमध्ये तीन घटांची बॅटरी पुरेशी समजली जात असे. १९३९ ते १९५२ या काळात निघालेले फोर्ड कंपनीचे ‘९एन’, ‘२एन’ आणि ‘८एन’ हे ट्रॅक्टर याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यांची योजना सहा व्होल्टांची असून बॅटरीचे धन अग्र यंत्राच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेले असे. १९५० नंतरच्या दशकात एंजिने अधिक जोरकस झाली, दिव्यांची व इतर साधनांची संख्या वाढली, आणि बारा व्होल्टांची योजना सर्वत्र रूढ होत गेली. भारतात १९६० च्या सुमारास ट्रॅक्टरांची निर्मिती सुरू झाली तेव्हा हा बदल बव्हंशी घडून गेला होता. यामुळे आपल्याकडे सहा व्होल्टांचा ट्रॅक्टर विरळाच आढळतो.

परंतु प्रश्न अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सहा व्होल्टांची होती, आणि १९४७ पासून विलीज जीपगाड्यांची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली होती. अशा जुन्या जीपगाड्या जतन करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून पूर्वी बाहेर पडलेल्या स्कूटरीही सहा व्होल्टांच्या असत. पुढे त्या बारा व्होल्टांच्या झाल्या. स्कूटरमधील विजेची उत्पत्ती निराळ्या पद्धतीने होत असल्यामुळे तिच्या रूपांतराचे तपशील वेगळे आहेत. तत्त्व मात्र एकच आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी असे समजू की, असा एक पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातील हेदवी येथे आहे. हे स्थळ घेण्यास कारण आहे. दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव समुद्रकाठी वसलेले आहे. भरतीच्या वेळी तेथील बामणघळीच्या खडकातून पाणी उंच उसळते, आणि त्याचे तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातात. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरांहून अधिक आहे. जांभ्या दगडाच्या उतारावरील लहान लहान भातखाचरांत ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर अधिक सोयीचा पडतो. जेथे ट्रॅक्टर असतो तेथेही चिखलणीचे दिवस संपल्यावर तो बराच काळ उभाच राहतो. खारी हवा, दमट ऋतू आणि दीर्घ विश्रांती या तीन गोष्टी विजेच्या सांध्यांना जितक्या बाधक आहेत तितके दुसरे काही नाही. दाब बदलण्याचा विचार मालकाच्या मनात येतो तो बहुधा याच कारणाने. कारण दिवे मंद लागतात, ‘सेल्फ’ फिरत नाही, आणि हँडल मारून एंजिन चालू करावे लागते.

३. ‘करंट’ या शब्दाची व्याप्ती

इंग्रजीतून आलेला ‘करंट’ हा शब्द मराठी बोलण्यात चांगलाच रुळला आहे. पण त्याची व्याप्ती मूळच्या शास्त्रीय अर्थापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. ‘तारेत करंट आहे, हात लावू नकोस’ या वाक्यात करंट म्हणजे वस्तुतः दाब होय. कारण हात लागेपर्यंत त्या तारेतून काहीही वाहत नसण्याचा संभव आहे. ‘बल्बला करंट कमी पडतो’ या वाक्यात करंट म्हणजे दिव्यास मिळणारी शक्ती. ‘त्याला करंट बसला’ येथे तो शब्द झटक्याचा वाचक आहे. ‘बॅटरीत करंट उरला नाही’ येथे साठविलेल्या ऊर्जेचा निर्देश होतो. आणि ‘सेल्फ फार करंट ओढतो’ या एकाच वाक्यात तो शब्द प्रवाह या शास्त्रीय अर्थाने येतो.

‘व्होल्टेज’ हा शब्दही खेड्यापाड्यांतून पोहोचला आहे; शेतीपंप नीट चालेनासा झाला की ‘व्होल्टेज कमी आहे’ असे म्हणतात. परंतु तो शब्द बव्हंशी घरगुती व शेतीच्या वीजपुरवठ्यापुरता राहिला. गाडीच्या विजेविषयी बोलताना ‘करंट येतो का ते बघ’ असेच म्हटले जाते. ‘टेन्शन’ या शब्दाची गत तर अधिक उद्बोधक आहे. विजेच्या संदर्भात त्याचा अर्थ दाब असाच होता. ‘हाय टेन्शन लाइन’ या प्रयोगात तो शिल्लक आहे. पण स्वतंत्रपणे उच्चारलेला ‘टेन्शन’ हा शब्द आज मनावरील ताणाचाच बोध करून देतो.

फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाने, त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते असे प्रतिपादन केले आहे. फ्रेंचमध्ये मेंढी आणि मेंढीचे मांस या दोहोंना ‘मुताँ’ हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत ‘शीप’च्या जोडीला ‘मटन’ हा शब्द असल्यामुळे ‘शीप’चे क्षेत्र तेवढ्यापुरते आकुंचित होते. ‘करंट’ची स्थिती फ्रेंच शब्दासारखी आहे. शेजारी प्रतिस्पर्धी शब्द नसल्यामुळे त्याने सर्व क्षेत्र व्यापले. यात बोलणाऱ्याचा दोष नाही. खुद्द शास्त्रज्ञांनाही दाब आणि प्रवाह यांचे स्पष्ट पृथक्करण करण्यास पुष्कळ काळ लागला. गेओर्ग ओहम याचा नियम १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्होल्ट, अँपियर आणि ओहम या एककांवर आंतरराष्ट्रीय एकमत झाले ते १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत.

४. नियम आणि त्याचे गणित

दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती या चार संज्ञा येथे पुरेशा आहेत. हौद उंचावर असला की नळातील पाण्यावर दाब पडतो; नळातून दर क्षणी किती पाणी जाते तो प्रवाह; नळ अरुंद असेल तर तो रोध. दाब व्होल्टांत, प्रवाह अँपियरांत आणि रोध ओहमांत मोजतात. दाबाला रोधाने भागले म्हणजे प्रवाह मिळतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॉटमध्ये मोजतात. पाण्याची उपमा येथेच सोडून दिली पाहिजे. पाणी शेतात मुरून जाते. वीज मात्र जेथून निघाली तेथे परत आल्यावाचून तिचा प्रवाह चालूच होत नाही.

आता ३६ वॉटचा एक दिवा घेऊ. सहा व्होल्टांवर तो ६ अँपियर प्रवाह घेतो; बारा व्होल्टांवर तेवढाच प्रकाश देण्यास ३ अँपियर पुरतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या तारा व सांधे यांचा मिळून रोध ०.१ ओहम आहे असे धरू. सहा व्होल्टांच्या योजनेत वाटेतच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे एकंदर दाबाचा दहावा भाग. बारा व्होल्टांच्या योजनेत ०.३ व्होल्ट खर्ची पडतात; म्हणजे चाळिसावा भाग. दाब दुप्पट केल्याने वाटेतील हानीचे प्रमाण एकचतुर्थांशावर आले. रूपांतराचा खरा लाभ तो हाच. नवीन दिवा अधिक ‘करंट’ घेतो म्हणून लख्ख लागत नाही, तर कमी प्रवाह घेतो म्हणून वाटेत कमी गमावतो.

हाच नियम फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असल्यास त्याच जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात पोफळी येथे जावे. कोयना प्रकल्पाच्या तेथील भूमिगत विद्युत्-गृहात १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली. जनित्रातून ती ११ किलोव्होल्ट दाबाने बाहेर पडते. आणि दूरच्या प्रवासासाठी तो दाब २२० किलोव्होल्टांपर्यंत वाढविला जातो. दाब वीसपट झाला म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह विसावा हिस्सा पुरतो, आणि त्याच तारेतील उष्णतेची हानी चारशेवा हिस्सा होते. पोफळीच्या तारा आणि हेदवीचा ट्रॅक्टर यांच्यात आकाराचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

५. एका प्रश्नाची तीन उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बारा व्होल्ट केल्यावर प्रवाह वाढतो काय?

पहिली स्थिती अशी की, जुने साधन तसेच ठेवून त्यावर बारा व्होल्ट सोडले. सहा व्होल्टांच्या त्या ३६ वॉटच्या दिव्याचा, तापलेल्या स्थितीतील, रोध १ ओहम आहे. रोध तोच राहिला असे धरल्यास प्रवाह दुप्पट आणि शक्ती चौपट होईल. वास्तविक तंतू अधिक तापला की त्याचा रोधही वाढतो, म्हणून वाढ थोडी कमी पडते; पण ते गणित पुरे होण्यापूर्वीच तंतू वितळून जातो. येथे ‘होय, वाढतो’ हे उत्तर बरोबर आहे, आणि ते विनाशाचे उत्तर आहे.

दुसरी स्थिती अशी की, जुने साधन काढून तेवढ्याच वॉटचे बारा व्होल्टांचे साधन बसविले. नव्या दिव्याचा रोध ४ ओहम असतो, आणि प्रवाह निम्मा होतो. येथे ‘नाही, उलट निम्मा होतो’ हे उत्तर योग्य ठरते. ज्याला रूपांतर म्हणावयाचे ते हेच.

तिसरी स्थिती ‘सेल्फ’ची, म्हणजे एंजिनास पहिली गती देणाऱ्या चलित्राची. या चलित्रात स्थिर वेटोळी आणि फिरते आर्मेचर ही एकाच ओळीत जोडलेली असतात. चलित्र किती प्रवाह घेईल हे मुख्यतः त्याला किती जोर लावावा लागतो यावरून ठरते. एंजिन तेच, त्याचा अडथळाही तोच. म्हणून प्रवाह जवळजवळ होता तेवढाच राहतो आणि वेग मात्र सुमारे दुप्पट होतो. म्हणूनच सहा व्होल्टांचा ‘सेल्फ’ बारा व्होल्टांवर चालवून घेण्याची रीत सर्वत्र आढळते. ती सुरक्षित आहे, पण दोन अटींवर. बटण क्षणभरच दाबावे. कारण एंजिन अडकून चलित्र जागीच थबकले, तर त्याची स्थिती पहिल्या प्रकारची होते, म्हणजे प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट. शिवाय चलित्राचे दाते एंजिनच्या चक्राच्या दात्यांवर अधिक जोराने आदळतात. म्हणून ते दाते आधीच झिजलेले असल्यास घाई करू नये.

६. काय बदलावे आणि काय ठेवावे

या विवेचनातून यंत्राच्या भागांचे एक स्वाभाविक वर्गीकरण हाती येते. काही भाग दाबाशी बांधलेले असतात, काही प्रवाहाशी. पहिले बदलावे लागतात. दुसरे बहुधा राहू देता येतात.

दिवे व भोंगा हे उघडच दाबाशी बांधलेले आहेत. ते सर्व बदलले पाहिजेत. बॅटरीही अर्थात बदलते. तिची निवड करताना आणखी एका अंकाची गल्लत होते. सहा व्होल्टांची १०० अँपियर-तासांची बॅटरी आणि बारा व्होल्टांची ५० अँपियर-तासांची बॅटरी यांत साठविलेली ऊर्जा सारखीच, म्हणजे ६०० वॉट-तास, असते. ‘शंभराच्या जागी पन्नासाची दिली’ म्हणून फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही. मात्र जुना ‘सेल्फ’ तसाच ठेवल्यास त्याचा प्रवाह कमी होत नाही. तो सहन करील एवढी क्षमता नव्या बॅटरीत असली पाहिजे.

डायनामो, म्हणजे विद्युत् जनित्र, हाही दाबाशी बांधलेला भाग होय. त्याच्या क्षेत्र-वेटोळ्यावर दुप्पट दाब आला तर त्यातील प्रवाह दुप्पट व उष्णता चौपट होते. म्हणून जुनाच डायनामो रेटून चालविण्यापेक्षा बारा व्होल्टांचा डायनामो, त्याचा नियामक व ‘कटआउट’ यांसह, बसवावा; किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे अल्टरनेटर बसवावा. अल्टरनेटर मंद गतीतही बॅटरी भरू शकतो, आणि त्याचा नियामक पुष्कळदा त्याच्या पोटातच असतो. अशा वेळी जुना नियामक व ‘कटआउट’ मंडलातून काढून टाकावे लागतात. बारा व्होल्टांची बॅटरी भरण्यास सुमारे चौदा व्होल्टांचा दाब लागतो. काम पुरे झाल्यावर एंजिन चालू ठेवून बॅटरीच्या अग्रांवर तेवढा दाब मिळतो की नाही हे मोजणे ही यशाची पहिली कसोटी होय.

ठिणगी पाडणाऱ्या ‘कॉइल’ची गोष्ट थोडी निराळी आहे. सहा व्होल्टांच्या सामान्य कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे १.५ ओहम असून तिच्यातून सुमारे ४ अँपियर प्रवाह जातो. ‘पॉइंट’ म्हणून ओळखले जाणारे संपर्कबिंदू जवळपास तेवढाच प्रवाह सुखाने सोसू शकतात. म्हणून बारा व्होल्टांवर गेल्यावरही प्रवाह तेवढाच ठेवणे हे उद्दिष्ट असते. ते दोन प्रकारे साधते : ३ ओहम रोधाची बारा व्होल्टांची कॉइल बसविणे, किंवा जुन्या कॉइलच्या आधी १.५ ओहमचा जादा रोधक घालणे. दोन्ही उपाय एकदम केले तर प्रवाह फार कमी होऊन ठिणगी दुबळी पडते. डीझेल एंजिनात कॉइल नसते. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता प्रवाहाशी बांधलेले भाग. तार ही प्रवाहाने तापते, दाबाने नव्हे. प्रवाह निम्मा झाल्यामुळे जुनी जाड तार पुरून उरते. ती बदलावयाची ती तिचे आवरण तडकले असेल तरच. अँपियर-मापक प्रवाहच मोजतो, त्याला दाबाशी कर्तव्य नाही. अल्टरनेटरचा प्रवाह त्याच्या मर्यादेत असेल तर तो राहू द्यावा. वितळतार, म्हणजे फ्यूज, हीही प्रवाहाचीच राखणदार. परंतु येथे एक सूक्ष्म सावधगिरी हवी. मंडलातील प्रवाह निम्मा झाला आणि फ्यूज मात्र जुन्याच अंकाची राहिली, तर ती पूर्वीपेक्षा उशिरा वितळेल. म्हणून तिचा अंकही कमी करावा.

७. ‘अर्थ’ या शब्दाचा अर्थ

‘करंट’नंतर घोटाळा करणारा दुसरा शब्द ‘अर्थ’ हा होय. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ पृथ्वी. घराच्या वायरिंगमध्ये ‘अर्थिंग’ अक्षरशः जमिनीत जाते. खड्डा खणून, मीठ व कोळसा घालून धातूची पट्टी पुरली जाते. मोटारीच्या संदर्भात मात्र ‘अर्थ’चा भूमीशी काहीही संबंध नाही. ट्रॅक्टर रबराच्या चाकांवर उभा असतो. त्याची वीज जमिनीत जात नाही, लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत येते. घरातील अर्थिंग हे संकटकाळचे दार आहे. गाडीतील अर्थ ही रोजची परतीची वाट आहे. ‘भूसंपर्कन’ हा संस्कृतनिष्ठ पर्याय पहिल्यास शोभतो, दुसऱ्यास नाही. दुसऱ्या अर्थी ‘सांगाडा-जोड’ असा सरळ शब्द अधिक उपयुक्त ठरेल. कारागीर ‘बॉडी’ म्हणतात, तेही या दृष्टीने अचूकच आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आजच्या बहुतेक सर्व वाहनांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्यास जोडलेले असते. म्हणून ‘मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा’ असा पाठ वर्कशॉपमध्ये शिकविला जातो. त्यामागचे कारण असे की, उघडे अग्र सोडविताना पाना सांगाड्यास टेकला तर बॅटरीतून प्रचंड प्रवाह पान्यातून धावतो; ठिणग्या उडतात, हात भाजतो, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. सांगाड्याची जोड आधी सुटली असेल तर हा धोका राहत नाही. परंतु धन अग्र सांगाड्यास जोडलेल्या जुन्या फोर्ड ट्रॅक्टरात ‘मायनस’ हेच उघडे अग्र असते. तेथे पाठ केलेला नियम पाळणारा माणूस नेमके धोक्याचे काम करतो. ‘सांगाड्याची जोड आधी सोडावी, शेवटी लावावी’ असा नियम सांगितला असता तर तो दोन्ही ठिकाणी खरा ठरला असता. नियम तोच, एका शब्दाच्या निवडीने तो कधी खरा, कधी खोटा होतो.

बारा व्होल्टांचे रूपांतर करताना सामान्यतः धन-जोडीची ऋण-जोड केली जाते. कारण बाजारात मिळणारे अल्टरनेटर ऋण-जोडीचे असतात आणि उलट जोडणी झाली तर त्यांच्यातील एकदिशकारक डायोड तत्काळ जळतात. या बदलाचे परिणामही भागपरत्वे वेगळे आहेत. दिव्याला दिशेचे सोयरसुतक नाही. अँपियर-मापकाचा काटा उलटा जाऊ लागतो, म्हणून त्याच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. कॉइलच्या प्राथमिक तारांचीही अदलाबदल करावी. कारण प्लगच्या तापलेल्या मधल्या अग्राकडे ऋण विद्युत् गेली तर ठिणगी कमी दाबात पडते. ‘सेल्फ’ मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरतो; त्याच्या दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह एकदमच उलटतो आणि त्यांचा परस्परसंबंध कायम राहतो. डायनामो ठेवला असेल तर त्याच्या लोखंडातील अवशिष्ट चुंबकत्व एकदा नव्या दिशेने जागे करावे लागते. विलीज जीपमध्ये मुळातच ऋण अग्र सांगाड्यास असल्यामुळे हा सारा खटाटोप वाचतो.

८. रूपांतराची खरी गरज

एवढे विवेचन झाल्यावर एक मूलभूत प्रश्न विचारणे प्राप्त आहे. हेदवीच्या त्या ट्रॅक्टरास बारा व्होल्टांची खरोखरच गरज आहे काय? हे यंत्र नवे असताना सहा व्होल्टांवर सुरळीत चालत होते. मग मधल्या काळात बदलले काय? दाब बदलला नाही, रोध बदलला.

‘सेल्फ’ सुमारे २०० अँपियर प्रवाह घेतो असे धरू. स्वच्छ सांध्यांचा एकूण रोध ०.००५ ओहम असेल, तर वाटेत १ व्होल्ट जातो आणि ५ उरतात. खाऱ्या हवेने सांगाड्याच्या जोडीखाली गंज धरला, बॅटरीच्या अग्रांवर पांढरट-हिरवट थर चढला, आणि रोध ०.०१५ ओहम झाला, तर तेवढ्याच प्रवाहासाठी ३ व्होल्ट वाटेतच जातात व ३ उरतात. ‘सेल्फ’ फिरत नाही तो म्हणून. आता बारा व्होल्टांची बॅटरी जोडली की हानी तीच राहून ९ व्होल्ट उरतात आणि यंत्र एका झटक्यात चालू होते. मालक संतुष्ट होतो. परंतु गंज तेथेच आहे, तो तापतो आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात वाढणार आहे. रोग बरा झाला नाही, त्याचे लक्षण झाकले गेले.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम सांगाड्याची जोड सोडून सर्व सांधे उघडावेत, लोखंड व शिसे चकाकेपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वर ग्रीज किंवा व्हॅसलीनचा हात फिरवावा. तडकलेल्या तारा बदलाव्यात. नंतर सहा व्होल्टांची चांगली भरलेली बॅटरी लावून यंत्र पाहावे. पुष्कळदा येथेच काम संपेल. त्यानंतरही अधिक दिवे लावावयाचे असतील, सहा व्होल्टांची बॅटरी वा बल्ब बाजारात मिळत नसतील, किंवा डायनामो निकामी झाला असेल, तर रूपांतर करणे रास्त आहे. हेदवीसारख्या ठिकाणी सुटे भाग मिळण्याचा प्रश्न हाच बहुधा निर्णायक ठरेल. कारण बारा व्होल्टांचा बल्ब तालुक्याच्या गावी सहज मिळतो, सहा व्होल्टांचा शोधावा लागतो. निर्णय मात्र कारण ओळखून घेतलेला असावा.

९. उपसंहार

परिभाषेच्या चर्चेत सामान्यतः वाद होतो तो शब्द देशी असावा की परका यावर. १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने आणि मराठी विश्वकोशाने विद्युत्-शास्त्रासाठी पुष्कळ संज्ञा रूढ केल्या, आणि त्यांतील ‘दाब’, ‘प्रवाह’ व ‘रोध’ हे शब्द तर साध्या बोलण्यातले आहेत. वर पाहिलेल्या उदाहरणावरून मात्र असे दिसते की, शब्दाचे कूळ हा दुय्यम प्रश्न आहे. ‘व्होल्टेज’ आणि ‘करंट’ हे दोन्ही शब्द परकेच. परंतु कारागिराने ते एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे ठेवले तर त्याचे काम बिनचूक होईल. उलट, शुद्ध मराठीत ‘वीज वाढवली’ असे म्हणणारा मनुष्य दिवा जाळून बसेल. ‘मायनस’च्या उदाहरणात ‘ऋण’ हा संस्कृत शब्द घातल्याने पाना सांगाड्यास टेकण्याचे टळले नसते. ‘बॉडी’ हा परका शब्द घातल्याने टळले असते.

परिभाषेची कसोटी शब्द कोठून आला यात नसून तो कोणता भेद राखतो यात आहे. हेदवीच्या मालकाने ‘करंट वाढतो का?’ असे विचारले असता त्याला ‘कशाचा? दिव्याचा, तारेतला, की सेल्फचा?’ असा प्रतिप्रश्न करणारा कारागीर भेटला, तर त्याचे यंत्र योग्य हाती आहे असे खुशाल समजावे.